हळदीचे पाच हात

१६ एप्रिल, बुधवार

नवी ड्यूटी, नवी वही. जुन्या वहीत पेशंटची औषधं, आईच्या गोळ्या आणि माझ्या लेकीच्या, प्राचीच्या शाळेचे निरोप यांची खिचडी झाली होती. ही वही फक्त माझी.

बदलापूर स्टेशनला पेशंटचे चिरंजीव चंदरदादा त्यांची इको गाडी घेऊन आले होते. बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो आणि पंधरा मिनिटांत हवाच बदलली. मागची ड्यूटी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये चौथ्या मजल्यावर होती. खाली शिलाईचा कारखाना, शेजारी जनरेटर. इथे खिडकी उघडली की कापलेली भातशेतं आणि पलीकडे डोंगर. मला वरची आख्खी खोली दिली आहे, बाथरूमसकट. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, बघ हं, इतकं चांगलं काही असत नाही.

पेशंट आण्णा. वय चौऱ्याहत्तर, विड्यांनी फुप्फुसं कामातून गेलेली, पण डोकं लख्ख. हॉलमध्ये त्यांचा पलंग आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन, चोवीस तास चालू. या रस्त्याला लाइट सारखी जाते, म्हणून गच्चीवर सोलरच्या प्लेटा आणि जिन्याखालच्या खोलीत बॅटरीचं लोखंडी कपाट. बॅटरी चंदरदादांनी स्वतः बांधली आहे. त्यांचं अंबरनाथला इलेक्ट्रिक पॅनलचं काम आहे.

आण्णांची बायको कौसाबाई. मी त्यांना मावशीच म्हणते. जेवताना सुकटीच्या चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाल्या, कॅम्पातल्या बायका नुसत्या दालपकवानावर वाढलेल्या, यांना काय झेपणार. मग स्वतःच ताक आणून दिलं. जेवण झाल्यावर हळदीची वाटी घेऊन मला जिन्याखाली नेलं. इकडची रीत आहे: घरात मोठी वस्तू आली की दसऱ्याला घरातल्या प्रत्येकाने तिच्यावर हळदीचा हात उमटवायचा. बॅटरीच्या कपाटावर ओळीने चार हात होते, आण्णांचा, मावशींचा, चंदरदादांचा आणि सून वेणूचा. मी संकोचले, तर मावशी म्हणाल्या,

"आयलीस ना घरान? मग लाव गो हात. पाव्हनी म्हनून नको ऱ्हाऊ."

लावला. पाचवा हात माझा. पत्रा कोमट होता.

वेणूचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. माहेरी गेली असेल, येत असेल.

रीतीप्रमाणे पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिलं. आण्णा ८८, त्यांच्या मानाने ठीक. मावशी ९७, चंदरदादा ९७, मी ९८. आण्णा मला म्हणाले, पहिली आलीस, पेढे वाट.

शाळेला सुट्टी लागली की प्राचीला इथे आणणार. अकरा वर्षांची झाली, अजून भाताचं शेत जवळून पाहिलेलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज सकाळी नऊ ते चार लाइट नव्हती. आण्णांचं मशीन आणि वरचा पंखा, दोन्ही एकदाही अडखळले नाहीत. चंदरदादा कामावरून आले तेव्हा मी कौतुक केलं, तर त्यांनी खुशीत मोबाइलवर बॅटरीचं ॲप दाखवलं. सोळा सेल आहेत, प्रत्येकाला एक पट्टी. पंधरा पट्ट्या हिरव्या आणि नऊ नंबरची जवळजवळ रिकामी.

हे सेल त्यांनी कॅम्प दोनच्या बाजारात धर्मेश नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतले. नऊ नंबर बसलाय हे कळल्यावर फोन केला, तर तो म्हणाला, "झीरो वाला सेल निकाल के फेक दे, भाई. बाकी सबको खा जाएगा." पण सेल काढायचा म्हणजे बॅटरी दिवसभर बंद ठेवावी लागणार आणि आण्णांचं मशीन तर बंद ठेवता येत नाही. म्हणून त्यांनी दुसरा उपाय शोधलाय, बॅलन्सर नावाचं एक सर्किट. ते ज्या सेलमध्ये जास्त चार्ज आहे त्याच्यातून काढून ज्याच्यात कमी आहे त्याला देते, सगळे एका पातळीला येईपर्यंत. रविवारी बसवणार आहेत.

मी म्हटलं, हे बरंय, आमच्या घरी आईपण भाकऱ्या अशाच वाटते. ते हसले नाहीत. हा माणूस हसत नाहीच.

२१ एप्रिल, सोमवार

काल बॅलन्सर बसला. मावशींनी नारळ फोडला.

आज दोरीवर हिरवी साडी वाळत होती. मी मावशींना विचारलं, वेणूवहिनी आल्या वाटतं? मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासत राहिल्या. आण्णांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि हळू सांगितलं. वेणू कार्तिकातच गेली, कापणीला, खालच्या शेतात पान लागून. इकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बत्तीस वर्षांची होती.

मला फार ओशाळं वाटलं. पण मग रोज वाढलेलं ताट? ही धुतलेली साडी? आण्णा म्हणाले, तेवढंच नाही. माणूस गेलं की तेराव्याच्या आत त्याचा हळदीचा हात चुना लावून बुजवायचा असतो. गेलेल्याचा हात जित्यांच्या ओळीत ठेवत नाहीत. कौसाबाईने बुजवू दिला नाही. चंदरलाही ते करवलं नाही.

पंधरा वर्षांत मी दुःखाची खूप सोंगं पाहिली आहेत. एका घरात मेलेल्या नवऱ्याचा चष्मा रोज पुसायचे. कोणाचं काही बिघडत नाही त्याने.

२४ एप्रिल, गुरुवार

आण्णा ८५. मशीन थोडं वाढवलं, फरक नाही.

घरचा ऑक्सिमीटर सापडेना. शोधता शोधता जिन्याखालच्या खोलीत गेले, तर बॅटरीच्या कपाटावर ठेवलेला. चालू होता. बोट घातल्याशिवाय तो चालू होत नाही. त्याच्या चिमट्यात काही नव्हतं आणि आकडा होता १५. नाडी दाखवत नव्हता, नुसता १५.

बिघडला असेल म्हणून आतले सेल बदलून स्वतःला लावला: ९४. माझ्या बॅगेतला लावला: ९४. मग सगळ्यांना लावला. मावशी ९३, चंदरदादा ९३. उन्हाळा आहे, धूळ आहे, एखादा ताप येऊ घातला असेल घरात. मी सगळ्यांना वाफ घ्यायला लावली. मावशी म्हणाल्या, नर्सबाईला आजारी माणसं पुरेनात, आता धडधाकटांना पाडतेय.

ॲपमध्ये नऊ नंबरची पट्टी थोडी वर आली आहे. चंदरदादा खूश.

२८ एप्रिल, सोमवार

जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. मी ९०. आण्णा ८३. मावशी आणि दादा ८९.

घरचा ऑक्सिमीटर मी माझ्या खोलीत आणून ठेवला होता. सकाळी तो परत कपाटावर. वेणूच्या हाताखाली, बरोबर मधल्या बोटाशी टेकवलेला. आकडा २९.

मी मावशींना विचारलं, तुम्ही ठेवता का हा इथे? त्या म्हणाल्या, ज्याचा त्याला नको का?

विचारलं, कोणाचा?  त्यांच्या चेहऱ्यावर मी आल्यापासून पहिल्यांदाच आनंद दिसला.

दोन दिवसांची रजा मागितली. तपासून घेते.

३० एप्रिल, बुधवार. उल्हासनगर, घरी

काल हॉस्पिटलमध्ये दिवस गेला. छातीचा फोटो स्वच्छ, रक्त ठीक. डॉक्टरांनी तीन वेगळी मशीनं लावून पाहिली, तिन्हींत ८८. ऑक्सिजन लावला, तरी ८८. ते म्हणाले, ॲडमिट व्हा, बघू काय आहे ते. मी उद्या येते सांगून निघाले. काय आहे ते त्यांच्याकडे नाही, एवढं मला कळत होतं.

तिथून इतक्या लांब आहे आणि तरी उतरतेय. आज सकाळी ८७.

प्राचीने ऑक्सिमीटर ओढून स्वतःला लावला. ९९. नाचत सांगत सुटली, मम्मीपेक्षा मी बारा मार्कांनी पुढे. मग बॅग दाखवली. सुट्टीसाठी भरून ठेवली आहे. कौसाबाईंचा परवा फोन आला होता म्हणे, आंबे पाडाला आलेत, कधी येतेस? नंबर मी दिला नव्हता. माझा फोन खाली चार्जिंगला असतो.

मी सांगितलं, यंदा नाही. का, ते सांगता आलं नाही. ती रडली, मग बोललीच नाही माझ्याशी.

रात्री आईशेजारी बसून गणित केलं. वेडेपणा वाटत होता तरी केलं. पहिल्या दिवशीचे आमचे आकडे: ८८, ९७, ९७, ९८. आणि वेणूचं शून्य. पाच हात, बेरीज तीनशे ऐंशी. भागिले पाच, शहात्तर.

परवाचे आकडे: ८३, ८९, ८९, ९०, आणि तो २९. बेरीज तीनशे ऐंशी.

२४ तारखेचे: ८५, ९३, ९३, ९४, १५. तीनशे ऐंशी.

शहात्तरला माणूस जगत नाही. दोन-चार तास काढतो, तेही पलंगावर.

बॅलन्सर फक्त सेल बॅलन्स करत नाहीये. पळून फायदा नाही हे दोन दिवसांत कळलं. जिथे जोडलं गेलंय तिथेच तोडावं लागेल. उद्या परत जाते. आईला सांगून ठेवलंय, काहीही झालं, कोणाचाही फोन आला, तरी प्राचीला तिकडे पाठवायचं नाही.

२ मे, शुक्रवार

मी ८६. काल आल्या आल्या जिन्याखाली गेले आणि ओल्या फडक्याने माझा हात पुसला. हळद निघाली. पत्रा स्वच्छ झाला. तासाभराने पाहिलं तर जिथे हात होता तिथे पत्रा पिवळा नव्हता, पण गरम होता. पाच बोटांच्या आकाराचा गरम. आकडा थांबला नाही.

चंदरदादांशी बोलले. सगळं सांगितलं, वही दाखवली. मला वाटलं होतं, हसतील. ते म्हणाले, त्यांना माहीत आहे. नऊ नंबरची पट्टी आणि वेणूचा आकडा बरोबरच चढतायत. मी म्हटलं, मग तो बॅलन्सर काढा आत्ताच्या आत्ता.  ते म्हणाले, गेल्या सोमवारपासून दुपारी बांगड्या वाजतात. तिच्याच आहेत.

मी म्हटलं, दादा, आपण चौघं मरू.

"ताई, मी कार्तिकातच मेलोय," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

४ मे, रविवार

आज मीही ऐकल्या. दुपारी दीड वाजता, लख्ख उन्हात. मागच्या अंगणात खराट्याचा आवाज आणि बांगड्या. मावशी माझ्यासमोर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त म्हणाल्या, आमची वेणू अंगण लय चांगलं झाडते.

अंगण झाडलेलं होतं.

झाकलेलं ताट अर्धं संपलेलं होतं.

आता मावशी माझ्याशी उघड बोलतात. भांडून नाही, बाजारात भाव समजावतात तसं. त्यांनाही गणित कळलंय. शाळा दुसरी, पण रोज सगळ्यांच्या बोटाला लावून बघतात. म्हणाल्या, पाच जनांत वाटलं तर पुरत नाय. मग माझ्या हातावर हात ठेवला, त्यांची नखं निळसर झाली आहेत.

"आनखी एक हात लागला का समद्यांचंच वर येल. तुजं बी येल. लेकराचा हात तर लय चांगला."

मी हात काढून घेतला. म्हटलं, माझ्या मुलीचं नाव घेतलंत तर मी पोलिसात जाईन. त्या म्हणाल्या, जा की. काय सांगशील?

वर आल्यावर नको तेच केलं. तीनशे ऐंशी अधिक नव्याण्णव, भागिले सहा. जवळजवळ ऐंशी.

बेरीज केली म्हणून स्वतःची किळस आली. पान फाडणार होते. राहू दे. काय काय सुचू शकतं हे मला आठवलं पाहिजे.

६ मे, मंगळवार

मावशी गावदेवीला गेल्या होत्या. आण्णांनी उशाखालून त्यांची जुनी चंची काढली. तंबाखू बंद झाली तरी चुन्याची डबी त्यांनी ठेवली होती. ती माझ्या हातात दिली. सहा महिन्यांपूर्वी करायचं होतं, म्हणाले. आता तू कर. माझ्याने उठवत नाही.

डबीत पाणी घालून चुना भिजवला. जिन्याखाली गेले. वेणूच्या हाताची हळद सुकलेली नव्हती. आत्ताच लावल्यासारखी ओली होती. अंगठ्यापासून सुरुवात केली. दोन बोटं पांढरी झाली. तिसऱ्या बोटावर माझा तळवा टेकला आणि पत्र्याच्या आतून कोणीतरी तळव्याला तळवा लावला. बोटाला बोट. जोर नाही. आजारी माणूस धरतं तसं, सोडू नको म्हणून.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. मागे मावशी उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. तांब्यातलं पाणी घेऊन त्यांनी हळूहळू सगळा चुना धुतला, लहान मुलाचा हात धुवावा तसा.

"माजी सून परत येतेय. नि तू तिला पुसतेस?"

मग त्यांनी जिन्याखालच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. माझा फोनही त्यांच्याकडे आहे, चार्जिंगला लावते म्हणून घेतला तो दिला नाही.

मी ८२. त्या ८१. दादा ८१. आण्णा ७९.

८ मे, गुरुवार

काल वाऱ्याने रस्त्याचे खांब पडले. लाइट नाही. सगळं घर बॅटरीवर.

एक मार्ग उरला होता. गच्चीवर प्लेटांचा मेन स्विच आहे. तो पाडला की बॅटरी भरणार नाही, दिवसभरात रिकामी होईल, बॅलन्सर मरेल. वीस पायऱ्या चढायला पाव तास लागला. स्विचवर हात ठेवला.

बॅटरी संपली की आण्णांचं मशीन बंद. अर्ध्या तासात जातील.

मी खाली जाऊन त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, पाड. लगेच पाड. मी गेलो तरी चालेल. मी पुन्हा चढायला निघाले आणि सहाव्या पायरीवर कळलं. आण्णा गेले तर त्यांचाही हात शून्य होईल. मशीन बंद पडलं तरी तळाशी उरलेल्या चार्जवर बॅलन्सर चालूच राहणार, आणि तोवर दोन शून्यं. दोघांना आम्ही तिघं पुरवणार. गणित तोंडीच होतं. जेमतेम साठ.

या घरात आता कोणी मरून चालणार नाही. आणि कोणी जगणारही नाही.

पायरीवरच बसून राहिले. शेतातून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई वारा घेतेय.

९ मे

पाहिलं तिला.

दुपारी, हॉलमध्ये, आण्णांच्या पलंगाच्या पायथ्याशी. हिरवी साडी. उजवा तळवा पिवळा. चंदरदादा समोर बसून भात भरवत होते. ती गिळते. श्वास घेते, पण सोडायचा विसरली आहे. घेते, घेते, छाती भरत जाते. मग दादा तिच्या पाठीवर हात फिरवतात आणि सांगतात, सोड. तेव्हा सोडते.

नखं निळी. ओठ निळे.

माझेही. आरसा आहे खोलीत.

ती माझ्याकडे बघून हसली. वाईट नव्हतं हसणं. म्हणूनच –

१० मे

मी ७८. दोन वाक्यं लिहिली की विसावा.

आण्णा ७७. बोलत नाहीत आता. सकाळी माझं मनगट धरून एकच बोलले.

"पोरीला आनू नको."

मी म्हटलं, नाही आणणार. आईला बजावलंय.

खाली मावशी फोनवर. माझ्या फोनवर. गोड आवाज. विनिताला बरं नाय, लेकीची आठवण काढते. नुसती भेटून जाऊ दे. चंदर येतो गाडी घेऊन.

मी ओरडले. आवाज जिन्यापर्यंतसुद्धा –

११ मे

दार बाहेरून लावलंय. गरज नव्हती. उठवत नाही.

आईने नाही म्हटलं असेल. नक्की. आई कोणाचं ऐकत नाही.

प्राची ऐकते. मम्मीला बरं नाही म्हटलं की

नाही.

७७.

वेणू जिन्यात. वरपर्यंत येते, दाराशी थांबते. घेते, घेते, घेते –

सोड, मी म्हटलं. आतून. सवयीने. पेशंटला सांगतो तसं.

सोडला.

१२ मे

७६.

सगळे ७६ असणार आता. पाचही. बांगड्यांचा आवाज नाही. खराटा नाही. घर एका पातळीला.

वाटलं होतं दुखेल. नाही. थंड. बोटं लांब गेल्यासारखी.

गाडी नाही आली. किती वाजले माहीत नाही. ऊन भिंतीवर. गाडी नाही आली म्हणजे आईने –

गाडी.

इकोच. दार सरकलं.

हाक मारायचीय. हवा नाही. वही जमिनीवर आपटतेय, ऐकू जात नाही. खाली मावशी हसतायत. कोणीतरी पळत आत आलं. चपला न काढता. तिला हजारदा सांगितलंय, चपला –

परत शांत.

खूप वेळ शांत.

बोटाला मशीन आहे. त्याच्याकडे बघत नाही. भिंतीकडे बघतेय.

छातीत काहीतरी सैल झालं. हवा आत गेली. खोल. किती दिवसांनी. गोड लागते हवा, कोणाला सांगून पटणार नाही.

नको.

बघितलं. ७७.

नको, नको, देवा, नको. ७८.

नखं गुलाबी होतायत. अक्षर सरळ येतंय. उठून बसले मी. दारापर्यंत जाऊ शकते आता, लाथ मारू शकते, ओरडू शकते, सगळं येतंय मला, सगळं तिच्या –

७९. प्राची, हात काढ, बाळा, मी येतेय, हात का